विंडोजकडून लिनक्सकडे: प्रोग्रॅमरला काय काय नव्याने शिकावं लागतं

आज बोलणारा एकच असला तरी गोष्ट चौघांची आहे, म्हणून सगळीकडे 'आम्ही' असंच म्हणणार आहोत. तुमच्यापैकी जे प्रोग्रॅमिंग करतात त्यांना यातल्या काही गोष्टी ओळखीच्या वाटतील. जे करत नाहीत त्यांच्यासाठी प्रत्येक गोष्ट जरा उलगडून सांगू.

आम्ही चौघे बरीच वर्षं एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर सांभाळतो. ठेवी, कर्जं, पावत्या, व्याज, सभासदांना जाणारी पत्रं. सगळं विंडोजवर लिहिलेलं आणि विंडोजवरच चालणारं. मग संस्थेने सर्व्हर बदलायचं ठरवलं. नव्या सर्व्हरवर लिनक्स येणार होतं, कारण आम्ही निवडलेल्या लिनक्सला परवान्याचे पैसे लागत नव्हते. आम्हाला विचारलं, 'जमेल ना?' आम्ही म्हटलं, 'न जमायला काय झालं? भाषा तीच, डेटाबेस तोच. महिन्याभराचं काम आहे.'

सहा महिने लागले. आणि त्या सहा महिन्यांत आमच्यातला एक जण हे काम सोडून द्यायच्या बेतात होता. असं का झालं, ते आज सांगायचं आहे.

समोर असलेली फाइल सापडत नाही

पहिल्या चाचणीची रात्र. रोज रात्री व्याजाचा हिशेब सुरू करणारी एक छोटी स्क्रिप्ट आम्ही विंडोजच्या संगणकावर लिहिली आणि नव्या सर्व्हरवर नेऊन ठेवली. चालवली तर उत्तर आलं: अशी फाइल किंवा डिरेक्टरी नाही. आता फाइल तर डोळ्यांसमोर होती! नाव बरोबर, जागा बरोबर. पुन्हा चालवली, पुन्हा तेच उत्तर. रात्रीचे दोन वाजले.

त्या संदेशात 'बॅश' या शब्दाच्या मागे दोन खुणा चिकटलेल्या होत्या: एक टोपी आणि एक इंग्रजी एम. आम्ही तो कचरा समजून सोडून दिला होता. सगळं उत्तर त्या दोन खुणांतच होतं.

तुमच्यापैकी कुणी टायपिंगच्या क्लासला गेलं असेल तर आठवून बघा. ओळ संपली की डावीकडची दांडी ओढायची. तिने दोन कामं व्हायची: कागद धरणारा वरचा भाग पुन्हा सुरुवातीला यायचा आणि कागद एक ओळ वर सरकायचा. टेलिप्रिंटर आले तेव्हा या दोन हालचालींना दोन वेगळे संकेत दिले गेले. सुरुवातीला परत जा, हा संकेत क्रमांक १३. एक ओळ पुढे सरक, हा क्रमांक १०. इंग्रजी मुळाक्षरांत एम तेरावं. टोपी आणि एम म्हणजे संकेत क्रमांक १३.

पुढे कागद गेला, पडदा आला, पण संकेत राहिले. युनिक्सची सुरुवात १९६९ मध्ये बेल लॅब्समध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी केली. त्यांनी ओळ संपल्याची खूण म्हणून फाइलमध्ये एकच संकेत ठेवला, १० क्रमांकाचा. सुरुवातीला परत न्यायचं काम ज्या यंत्रावर मजकूर दिसतो त्याच्याशी बोलणाऱ्या भागाकडे दिलं. डॉसने मात्र त्याआधीच्या सीपी-एम या प्रणालीची रीत उचलली आणि दोन्ही संकेत फाइलमध्येच लिहिले. डॉसची रीत विंडोजकडे आली. लिनक्स १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी युनिक्सच्या वळणावर लिहायला घेतलं, म्हणून त्याच्याकडे युनिक्सची रीत.

आमच्या स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत लिहिलं होतं, 'बॅश हा प्रोग्रॅम वापरून मला चालव'. ओळीच्या शेवटी विंडोजने टाकलेला १३ क्रमांकाचा संकेत लिनक्सला नावाचाच भाग वाटला. त्याने 'बॅश आणि शेवटी १३' अशा नावाचा प्रोग्रॅम शोधला. तसा प्रोग्रॅम खरोखरच नव्हता. तो खरंच बोलत होता. फक्त ज्या फाइलबद्दल बोलत होता ती आम्हाला वाटली ती नव्हती.

उपाय एका मिनिटाचा. 'डॉस-टू-युनिक्स' नावाची कमांड ते जादा संकेत काढून टाकते. कायमचा उपाय म्हणजे गिटच्या ॲट्रिब्यूट्स फाइलमध्ये कोणत्या फाइलींच्या ओळी कशा संपवायच्या ते लिहून ठेवायचं, म्हणजे ते कुणाच्या संगणकावर अवलंबून राहत नाही. विंडोजच्या नोटपॅडलादेखील फक्त १० ने संपणाऱ्या ओळी नीट दाखवता यायला २०१८ उजाडलं. तेव्हा या चुकीला आपण एकटेच बळी पडलो असं कुणी समजू नये.

नावांचा घोळ

दुसरी गोष्ट नावांची. पासबुकाच्या पहिल्या पानावर संस्थेचं बोधचिन्ह छापलं जातं. नव्या सर्व्हरवरून छापलेली पासबुकं बोधचिन्हाशिवाय आली. चित्राच्या फाइलचं नाव मोठ्या अक्षराने सुरू होत होतं आणि आमच्या कोडमध्ये ते लहान अक्षराने लिहिलेलं होतं. विंडोज आपण दिलेलं नाव जसंच्या तसं लक्षात ठेवतं, पण शोधताना मोठं-लहान असा भेद सहसा करत नाही. लिनक्स करतं. त्याच्या लेखी ती दोन वेगळी नावं. मॅकदेखील नेहमीच्या मांडणीत विंडोजसारखंच वागतो, त्यामुळे मॅकवर काम करणारेही इथे हमखास पडतात.

मग मार्गातली तिरकी रेघ. युनिक्समध्ये ती उजवीकडे झुकलेली. डॉसच्या पहिल्या आवृत्तीत, १९८१ मध्ये, फोल्डरच नव्हते आणि ती रेघ कमांडला जादा सूचना देण्यासाठी वापरली जात होती. १९८३ मध्ये दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले तेव्हा ती रेघ आधीच अडकलेली. म्हणून उलटी रेघ घेतली. ए आणि बी ही नावं फ्लॉपीची, म्हणून हार्ड डिस्क सी. लिनक्समध्ये सी नाही, डी नाही. सगळं एकाच मुळापासून फुटतं. पेन ड्राइव्हसुद्धा त्याच झाडाची एक फांदी होऊन येतो. आमच्या कोडमध्ये 'सी कोलन' किती ठिकाणी लिहिलं होतं ते मोजायला गेलो आणि मोजणं सोडून दिलं.

आणि एक गोष्ट खास आपली. संस्थेच्या सभांची इतिवृत्तं मराठी नावांच्या फाइलींत होती, आणि नावं लांबलचक. विंडोजवर छान नांदत होती. लिनक्सवर उतरवताना काही फाइली नाकारल्या गेल्या, कारण नाव फार लांब. दोन्हीकडे मर्यादा २५५ चीच! मग फरक कसला? विंडोजची फाइलप्रणाली २५५ मोजते ती सोळा-बिटी एककं, आणि देवनागरीची एक खूण एका एककात बसते. लिनक्सची नेहमीची फाइलप्रणाली २५५ बाइट मोजते. तिथे नावं सहसा यूटीएफ-८ मध्ये असतात आणि त्यात देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट घेते. २५५ भागिले ३ म्हणजे ८५. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. 'श्री' आपल्याला एक अक्षर दिसतं, पण आत चार खुणा आहेत: श, हलन्त, र आणि वेलांटी. म्हणजे १२ बाइट. इंग्रजी नावांवर चाचणी करणाऱ्याला ही अडचण सहसा भेटणारच नाही. ती आपल्यालाच भेटणार, तेव्हा आपणच ती लक्षात ठेवायला हवी.

हातांच्या सवयी

आता हातांकडे येऊ. डोकं एका दिवसात शिकतं हो, बोटं शिकत नाहीत.

एकदा पडद्यावर चुकीचा संदेश दिसत होता. तो कॉपी करायला आमच्यातल्या एकाने कंट्रोल-सी दाबलं. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये कंट्रोल-सी म्हणजे 'चालू प्रोग्रॅम थांबव'. तासभर चाललेलं काम तिथेच संपलं. खरं तर विंडोजच्या काळ्या खिडकीतही ती कळ हेच काम करते, पण तिथे आधी मजकूर निवडलेला असेल तर कॉपी होतो. लिनक्सवर बहुतेक ठिकाणी कॉपीसाठी सोबत शिफ्ट दाबावी लागते.

कंट्रोल-झेडने 'मागे जा' होत नाही. प्रोग्रॅम झोपतो आणि पार्श्वभूमीत पडून राहतो. 'एफजी' लिहिलं की परत येतो. आणि कंट्रोल-एस! सेव्ह करायची आयुष्यभराची सवय. टर्मिनलमध्ये ते दाबलं की पडदा गोठतो. काही टाइप होत नाही, काही हलत नाही. आम्ही दोनदा ती खिडकीच बंद केली. नंतर कळलं की तो टेलिप्रिंटरच्या काळातला 'जरा थांब' असा संकेत आहे. कंट्रोल-क्यू दाबलं की गाडी पुन्हा सुरू.

बाकीच्या सवयीही अशाच. विंडोजच्या काळ्या खिडकीत आपण ज्या फोल्डरमध्ये उभे असतो तिथला प्रोग्रॅम नुसत्या नावाने चालतो. लिनक्समध्ये नावाआधी टिंब आणि तिरकी रेघ द्यावी लागते. हा हट्ट वाटतो, पण कारण ऐका. युनिक्स हे अनेकांनी मिळून वापरायच्या यंत्रासाठी घडलं. कुणी सामायिक फोल्डरमध्ये नेहमीच्या कमांडच्या नावाने खोटा प्रोग्रॅम ठेवला, तर तुम्ही नकळत तोच चालवाल. म्हणून 'इथलाच हवा' असं तोंडाने सांगावं लागतं. प्रोग्रॅम चालवता येतो का, हे विंडोज नावाच्या शेपटावरून ठरवतं, तर लिनक्स फाइलवर लावलेल्या परवानगीवरून. आणि 'आरएम' या कमांडने पुसलेली फाइल कचरापेटीत जात नाही, थेट जाते. हे एकदाच सांगतो, कारण हे शिकायला दुसरी संधी मिळेलच असं नाही.

दादांचा प्रश्न

आता ज्याच्यासाठी हे व्याख्यान ठेवलं तो भाग.

आमच्यातले सगळ्यात जुने सहकारी, आम्ही त्यांना दादा म्हणतो. पन्नाशी ओलांडलेली. डॉस आणि फॉक्सप्रोपासून काम केलेलं. पतसंस्थेच्या हिशेबातली खाचखोच आमच्यात सगळ्यात जास्त त्यांना कळते. टाइपरायटरची दांडी आम्हाला समजावून सांगणारेही तेच. पण नव्या यंत्रावर ते फार हळू झाले. फोल्डर बदलायलासुद्धा वहीत बघायचे. तीस वर्षं ज्याला सगळे विचारायला येतात, त्याला पंचविशीच्या पोराला विचारावं लागतं, 'बाळा, ही फाइल कुठे गेली?' आणि ते पोरगं उत्तर न देता कीबोर्ड ओढून घेतं आणि टकटक करून मोकळं होतं. आम्ही हे केलंय. मुद्दाम नाही, घाईत. एक दिवस दादा म्हणाले, 'माझं आता राहू द्या. तुम्ही तिघे बघा.'

त्याच आठवड्यात जुना आणि नवा सर्व्हर शेजारी ठेवून आम्ही समांतर चाचणी करत होतो. दोन खिडक्यांवरून एकाच वेळी पावत्या काढायच्या. पावतीचा पुढचा क्रमांक एका छोट्या फाइलमध्ये असायचा. प्रोग्रॅम ती उघडायचा, क्रमांक घ्यायचा, एकाने वाढवून परत लिहायचा. सगळं ठीक चाललं होतं. आम्ही पुढच्या कामाकडे वळलो. दादा मात्र आपल्या वहीत एकेक पायरी लिहीत बसले होते. त्यांनी विचारलं, 'पहिल्या खिडकीने फाइल उघडलेली असताना दुसरीला ती उघडता आलीच कशी?'

आम्ही म्हटलं, 'म्हणजे?' ते म्हणाले, 'जुन्या यंत्रावर दुसऱ्या खिडकीला नकार यायचा, ती क्षणभर थांबून परत प्रयत्न करायची. त्या नकाराची नोंद रोज दहा-वीस वेळा व्हायची. इथे एकही नोंद नाही.'

मग आम्ही दोन्ही खिडक्यांवरून मुद्दाम वेगाने पावत्या काढल्या. एकाच क्रमांकाच्या दोन पावत्या निघाल्या. दोन सभासद, दोन वेगळ्या रकमा, क्रमांक एकच. पतसंस्थेत याचा अर्थ काय होतो, ते हिशेब तपासनिसाला विचारा. दोघांपैकी एकाचे पैसे कागदावर दिसलेच नसते.

झालं होतं असं. विंडोजवर फाइल उघडताना ठरतं की ती उघडी असेपर्यंत दुसऱ्या कुणाला तिच्यात लिहू द्यायचं की नाही. आमच्या भाषेच्या लायब्ररीने आमच्या वतीने 'नाही' म्हणून ठेवलं होतं आणि विंडोज ते सक्तीने पाळत होतं. आम्ही त्यासाठी एक ओळही लिहिली नव्हती. लिनक्सवर फाइल उघडली म्हणून ती बंद होत नाही. कुलूप लावता येतं, पण तो सहसा आपसातला शब्द असतो. जो प्रोग्रॅम 'कुलूप आहे का' असं विचारतो त्यालाच ते अडवतं. न विचारणारा सरळ आत जातो.

म्हणजे आमच्या सॉफ्टवेअरचा एक महत्त्वाचा भाग आम्ही लिहिलेलाच नव्हता. तो विंडोज चालवत होतं. आम्हाला तो आपलाच वाटत होता, कारण तो कधी बंद पडला नव्हता. यंत्रणा बदलताना हे असे भाग मागे राहतात. कमांड पाठ केल्या की आपण स्थिरावलो असं वाटतं, आणि हे मागे राहिलेले भाग तोवर शांत बसलेले असतात.

आम्ही क्रमांक द्यायचं काम फाइलमधून काढून डेटाबेसच्या व्यवहारात टाकलं. आता ते कोणत्याही यंत्रणेवर बरोबरच चालायला हवं. दादा राहिले. पुढचे चार महिने आम्ही त्यांच्या वहीवरून काम केलं. डाव्या पानावर 'जुन्या यंत्रावर काय आपोआप व्हायचं' आणि उजव्या पानावर 'इथे ते कोण करतं'.

याच वहीमुळे आणखी एक कोडं सुटलं. डिस्क भरली म्हणून आम्ही नोंदींची एक अजस्र फाइल पुसली, तरी डिस्क भरलेलीच. लिनक्समध्ये फाइलचं नाव ही दारावरची पाटी असते. पाटी काढली तरी आत कुणी राहत असेल तोवर घर पाडलं जात नाही. आमचा प्रोग्रॅम ती फाइल उघडी धरून आत बसला होता. त्याला बंद करून पुन्हा सुरू केलं आणि जागा मोकळी झाली. विंडोजवर उघडी फाइल सहसा पुसूच दिली जात नाही, म्हणून हा प्रश्न आम्हाला कधी पडलाच नव्हता.

तुम्ही निघाला असाल तर

थोडक्यात चार गोष्टी.

एक, अशी वही ठेवा. डावं पान आधी भरा. आपलं सॉफ्टवेअर कुठे फाइल उघडतं, कुठे नाव शोधतं, कुठे वेळ, भाषा, लिपी गृहीत धरतं, ते जुन्या यंत्रावर असतानाच लिहून काढा.

दोन, जे गृहीत आहे ते कोडमध्ये स्पष्ट लिहा. मार्ग जोडायला भाषेची लायब्ररी वापरा, रेघ हाताने घालू नका. मजकुराची फाइल उघडताना यूटीएफ-८ असं नाव घेऊन सांगा.

तीन, दोन्हीकडे चाचणी करा, आणि मराठी नावं घेऊन करा. दुसरा संगणक नसेल तरी अडत नाही. २०१६ पासून विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय मायक्रोसॉफ्टने दिलेली आहे.

चार, शेजारच्याचा कीबोर्ड ओढून घेऊ नका. त्याला टाइप करू द्या. पाच मिनिटं जास्त लागतील.

श्रोत्यांचा एक प्रश्न

प्रश्न: मग या दोघांत चांगली यंत्रणा कोणती?

आम्हाला हे नेहमी विचारतात. विंडोजच्या कुलपाने आमच्या पावत्या कितीतरी वर्षं सांभाळल्या, आणि आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता. लिनक्सने ते कुलूप काढलं तेव्हा आमची चूक दिसली. आता कोणाला चांगलं म्हणायचं? पतसंस्थेचं सॉफ्टवेअर आज लिनक्सवर नीट चालतं. आमच्यातले दोघे घरी अजून विंडोजच वापरतात. दादांनी मात्र घरच्या संगणकावरही लिनक्स घातलंय, आणि परवा त्यांनी आम्हाला एक कमांड शिकवली जी आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हती. ती त्यांनी स्वतः टाइप केली नाही. कीबोर्ड आमच्याकडे सरकवला आणि म्हणाले, 'तू लिही.'